पेंढा नाही, विटा मात्र तेवढ्याच

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात एका कामगार तंट्याची हकीकत आहे. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलामीत राबणाऱ्या इस्राएली लोकांचे पुढारी मोशे आणि अहरोन तिथल्या राजाकडे, फारोकडे जाऊन म्हणतात, आमच्या लोकांना तीन दिवस रानात जाऊ दे, आमच्या देवाचा सण करायचा आहे. फारो उलट विचारतो, तुम्ही लोकांना कामापासून का फोडताय? आणि त्याच दिवशी हुकूम सुटतो. विटांच्या मातीत मिसळायचा पेंढा आजवर वरून मिळायचा, तो बंद. ज्याचा त्याने गोळा करून आणायचा. विटांचा आकडा मात्र कालचाच राहील, त्यात एकही वीट कमी चालणार नाही. फारोचं कारणही तयार आहे: हे लोक आळशी झालेत, म्हणून देवाचं नाव काढतात. मग लोक मिसरभर धसकटं वेचत फिरतात. आकडा भरत नाही, आणि मार बसतो तो त्यांच्यातूनच नेमलेल्या इस्राएली नायकांना. ते फारोकडे दाद मागायला जातात, तिथेही ‘आळशी, आळशी’ एवढंच ऐकून बाहेर पडतात आणि सगळा राग मोशेवर काढतात: तू त्यांच्या नजरेत आमची पत घालवलीस, आम्हाला मारायला त्यांच्या हाती तलवार दिलीस.

ज्याने वीटभट्टीवर हजार विटांच्या हिशेबाने मजुरी घेतली आहे, किंवा उचल फेडण्यासाठी उसाच्या फडात कोयता चालवला आहे, त्याला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. कामाचा आकडा कोण ठरवतं, साधनं कोण काढून घेतं, आळशी कोणाला म्हटलं जातं आणि मार खाल्लेली माणसं आपल्याच पुढाऱ्यावर का उलटतात, हे त्याला ठाऊक असतं. रविवारच्या उपदेशात मात्र हा अध्याय क्वचितच येतो. आला तर मोशेच्या श्रद्धेची परीक्षा म्हणून येतो. मिसर म्हणजे पाप, फारो म्हणजे सैतान, सुटकेच्या वेळी ओलांडलेला तांबडा समुद्र म्हणजे बाप्तिस्मा, असा अर्थ लावून झाला की विटांचं, पेंढ्याचं आणि पाठीवरच्या वळांचं काय करायचं हा प्रश्नच उरत नाही.

असा अर्थ लावू नये असं मी म्हणत नाही. खुद्द प्रेषित पौलाने तांबड्या समुद्रात बाप्तिस्मा पाहिला आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ही एकच रीत ‘आध्यात्मिक’ ठरली आणि विटांकडे पाहणारी रीत ‘राजकीय’ ठरली. ‘पवित्र शास्त्रात राजकारण आणू नका’ हा सल्ला आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत फार वेळा ऐकू येतो, आणि तो देणाऱ्यांची श्रद्धा खरी असते. पण बायबलमध्ये राजकारण बाहेरून आणावं लागत नाही. ते तिथे आहेच. काढून टाकायचं ठरवलं तर पुस्तकाला कात्री लावावी लागते.

ती एकदा खरोखर लावली गेली. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या ब्रिटिश वसाहतींतल्या गुलामांसाठी निवडक बायबल छापलं गेलं. ६६ पुस्तकांपैकी फक्त १४ पुस्तकांतले भाग त्यात घेतले होते. योसेफ गुलाम म्हणून विकला गेला आणि तरी इमानाने राहिला, ती गोष्ट ठेवली. मोशेने गुलामांना मिसरातून बाहेर काढलं, ती गोष्ट काढली. दासांनी आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहावं हे इफिसकरांच्या पत्रातलं वाक्य ठेवलं. ख्रिस्तात दास नाही आणि स्वतंत्र नाही हे गलतीकरांच्या पत्रातलं वाक्य गेलं. ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा झाला तोही याच वर्षी. उसाच्या मळ्यावर राबणाऱ्याच्या हाती अख्खं पुस्तक पडलं तर त्यातून काय निघेल, याचा ज्यांनी एवढा नेमका अंदाज बांधला, त्यांना बायबलचा रोख पुरता कळला होता. मुक्तीची बाजू घेणारं वाचन विसाव्या शतकातल्या चार पाद्र्यांच्या डोक्यातून निघालं असं म्हणणाऱ्यांनी ही वगळलेली पानं डोळ्यांसमोर ठेवावीत.

लॅटिन अमेरिकेत १९६० नंतर घडलं ते असं की, ही पानं परत जागेवर लावली गेली. तिथले बहुसंख्य लोक कॅथलिक, जमीन मूठभर घराण्यांच्या हातात, आणि चर्च शतकानुशतकं जमीनदारांच्या पंगतीला. १९६८ साली कोलंबियातल्या मेदेयीन शहरात जमलेल्या बिशपांनी या व्यवस्थेला ‘संस्थात्मक हिंसा’ म्हटलं. १९७१ साली पेरूच्या गुस्ताव्हो गुतिएरेझ यांचं पुस्तक आलं आणि या विचाराला मुक्तीचं ईश्वरविज्ञान, लिबरेशन थिऑलॉजी, हे नाव पक्कं झालं. गुतिएरेझ लिमा शहरातल्या रिमाक या गरीब वस्तीत धर्मगुरू होते. देव तुझ्यावर प्रेम करतो हे गरिबाला कोणत्या तोंडाने सांगायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी ते गेले. प्रश्न तसाच आहे.

पण या चळवळीचा जीव विद्वानांच्या पुस्तकांत नव्हता. ब्राझील आणि मध्य अमेरिकेत गावोगाव, झोपडपट्ट्यांतून लहान लहान गट उभे राहिले. दहा-वीस माणसं जमायची, एक उतारा वाचायचा, मग प्रत्येकाने बोलायचं. निकाराग्वाच्या मोठ्या सरोवरातल्या सोलेंतिनामे बेटांवर कवी आणि धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल यांनी १९६६ पासून रविवारचा उपदेशच बंद केला आणि त्या जागी कोळी-शेतकऱ्यांचा संवाद सुरू केला. तिथली बोलणी टेप करून पुढे छापली गेली. येशूच्या आईचं, मरियेचं स्तोत्र वाचलं त्या दिवशीचा प्रसंग माझ्या मनातून जात नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात ही गालीलातली गरोदर मुलगी गाते की देवाने सत्ताधाऱ्यांना आसनांवरून ओढून काढलं आणि दीनांना वर चढवलं, भुकेल्यांना पोटभर दिलं आणि श्रीमंतांना रिकाम्या हातांनी परत पाठवलं. कार्देनालांनी विचारलं, हे तेव्हाच्या राजाच्या, हेरोदाच्या कानावर गेलं असतं तर तो काय म्हणाला असता? एक बाई हसून म्हणाली, ही वेडी आहे म्हणाला असता. दुसरी म्हणाली, कम्युनिस्ट म्हणाला असता.

दुसऱ्या बाईने कुठला सिद्धांत वाचलेला नव्हता. निकाराग्वाचा हुकूमशहा सोमोसा याच्या राज्यात जास्त मजुरी मागणाऱ्याला काय म्हणतात हे तिला माहीत होतं, म्हणून हेरोद काय म्हणाला असता हेही तिला कळलं. आपल्याकडे हे स्तोत्र नाताळच्या आधी गोड चालीवर गायलं जातं आणि गाताना कोणाच्या अंगावर काटा येत नाही. तो यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मजूर नाक्यावर उभं राहून मत्तयाचा विसावा अध्याय वाचून पाहा. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे चौकात येऊन मजूर ठरवतो. नऊला येतो, बाराला येतो, तीनला येतो, शेवटी पाचला येतो. उरलेल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, कोणी आम्हाला कामावर घेतलंच नाही. संध्याकाळी तो सगळ्यांना सारखाच, एक दिनार, म्हणजे एका दिवसाचा पूर्ण रोज देतो. यावरचा नेहमीचा उपदेश कृपेचा: देव उशिरा येणाऱ्यालाही सारखंच देतो. आता आपल्या शहरातल्या कुठल्याही नाक्यावर सकाळी अकरानंतर कोण उरतं ते आठवा. वय झालेला माणूस, हाताला लागलेला माणूस, कडेवर पोर असलेली बाई. आळशी म्हणून ते उरलेले नसतात, ठेकेदाराने निवडून मागे ठेवलेले असतात. एक तास काम केलं म्हणून त्यांच्या घरच्या ताटातली भाकरी एक तासाएवढी होत नाही. धन्याने मजुरी घड्याळावर मोजली नाही, चुलीवर मोजली.

आणि इथे वाद सुरू होतो. कोणी म्हणेल, हा धनी देव कसला, ज्याला चौकात कोणत्याही वेळी हवे तेवढे बेकार मिळतात तो जमीनदार आहे. मुळात एवढी माणसं चौकात आली कुठून, त्यांच्या जमिनी कुठे गेल्या? आणि सकाळपासून राबलेल्यांना शेवटच्यांसमोर उभं करून भांडण लावून देणारा कोण? मला स्वतःला अजूनही धन्यात देव दिसतो, पण हा दुसरा अर्थ ऐकल्यावर पहिला मी पूर्वीइतक्या सहज सांगू शकत नाही. मुक्तीच्या वाचनाचं मोल मला यात वाटतं. ते ठरीव अर्थ हाती देत नाही, आजवर ज्याला कोणी विचारलं नव्हतं अशा माणसाला वाद घालायला बसवतं.

‘गरीब तर तुमच्याजवळ नेहमीच आहेत’ हे येशूचं वाक्य या वाचनाविरुद्ध हमखास काढलं जातं. मार्कच्या शुभवर्तमानात ते वाक्य तिथे संपत नाही. ‘आणि वाटेल तेव्हा तुम्हाला त्यांचं भलं करता येतं’ असं ते पुढे जातं. शिवाय येशू जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ज्या पंधराव्या अध्यायाकडे बोट दाखवतो, तिथे दर सातव्या वर्षी कर्ज माफ करण्याचा नियम आहे, आणि देशात गरीब कायम असतील म्हणूनच आपली मूठ उघडी ठेव, अशी आज्ञा आहे.

याहून जड आक्षेप आहेत. १९८४ साली व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाने, तेव्हाचे कार्डिनल आणि पुढचे पोप राट्झिंगर यांच्या सहीने, या विचाराविरुद्ध सूचनापत्र काढलं. मार्क्सवादी वर्गविश्लेषण उसनं घेतलं की श्रद्धा त्याच्या मागे फरफटते, आणि मिसरातून झालेली सुटका निव्वळ राजकीय समजणं चूक आहे, असं त्यात म्हटलं होतं. पुढच्या वर्षी याच विचाराचे ब्राझीलचे धर्मगुरू लिओनार्दो बॉफ यांच्यावर मौन लादलं गेलं. मौन लादणं मला चूक वाटतं. ज्या वर्षांत एल साल्वाडोरमध्ये धर्मगुरू मारले जात होते, त्या वर्षांत ते क्रूरही होतं. तिथले आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी २३ मार्च १९८०च्या उपदेशात सैनिकांना देवाच्या नावाने सांगितलं की ही दडपशाही थांबवा. दुसऱ्या दिवशी मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, अर्पण करत असतानाच त्यांना गोळी घातली गेली. त्यांना संत म्हणून जाहीर करायला रोमला २०१८ साल उजाडलं.

तरीही त्या सूचनापत्रातली भीती मला पोकळ वाटत नाही, आणि तिचं कारण निकाराग्वाच आहे. सोलेंतिनामेच्या तरुणांनी १९७७ साली सोमोसाविरुद्ध शस्त्र उचललं, नॅशनल गार्डने त्यांची वस्ती उद्ध्वस्त केली, १९७९ साली क्रांती जिंकली आणि कार्देनाल सांस्कृतिक मंत्री झाले. त्याच क्रांतीतला दानियेल ओर्तेगा पुढे स्वतः हुकूमशहा झाला. कार्देनाल त्याच्या विरोधात गेले. २०२० साली मानाग्वाच्या कॅथेड्रलमध्ये त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा चालू असताना ओर्तेगाच्या माणसांनी ‘गद्दार’ अशा घोषणा दिल्या. २०२३ साली त्या सरकारने जेझुइट धर्मसंघाचं विद्यापीठ जप्त केलं.

म्हणजे मुक्तीचं वाचन खोटं ठरलं का? मला वाटतं ते अर्ध्यावर थांबलं. तांबडा समुद्र ओलांडला की पुस्तक मिटायचं नसतं. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात लोक राजा मागतात तेव्हा म्हातारा संदेष्टा शमुवेल सांगतो: तो तुमची पोरं रथांसाठी नेईल, मुली स्वयंपाकाला नेईल, शेतं काढून आपल्या चाकरांना देईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल, आणि शेवटी तुम्ही त्याचे गुलाम व्हाल. पुढे राजा शलमोन मंदिर बांधायला घेतो तेव्हा सगळ्या इस्राएलातून ३०,००० माणसं वेठीला धरून लबानोनात पाठवतो. ज्यांच्या आजे-पणज्यांनी मिसरात विटा पाडल्या, ती ही माणसं, आणि या खेपेला फारो घरचाच. त्याचा मुलगा रहबाम तर म्हणतो, बापाने तुम्हाला चाबकाने मारलं, मी विंचवांनी मारीन. लोक वेठीवरच्या अधिकाऱ्याला दगडांनी ठेचतात आणि राज्य दुभंगतं. मुक्त झालेली माणसं सिंहासनावर बसली की काय करतात याचा एवढा निर्भीड हिशेब ज्या ग्रंथात आहे, त्याच्या आधारावर कोणत्याही क्रांतीला कोरा धनादेश देता येत नाही.

दुसरी अडचण याहून दुखरी आहे. मिसरातून सुटलेल्यांना जो देश मिळाला तो रिकामा नव्हता. तिथे कनानी राहत होते, आणि यहोशवाच्या पुस्तकात त्यांच्या शहरांचं काय झालं ते लिहिलं आहे. अमेरिकेतल्या ओसेज जमातीचे रॉबर्ट ॲलन वॉरियर यांनी १९८९ साली विचारलं की, आम्ही मूळ रहिवाशांनी ही गोष्ट वाचताना स्वतःला कुठे शोधायचं? आमच्या जमिनीवर आलेल्या गोऱ्यांनी तर स्वतःला इस्राएल म्हणवून घेतलं होतं. यावर मुक्तीवाद्यांनी दिलेली बरीच उत्तरं मला सारवासारव वाटतात. यहोशवाचं पुस्तक वाचताना यरीहो या कनानी शहराच्या तटाच्या आत उभं राहूनही वाचलं पाहिजे, तरच दलितांची बाजू घेतल्याचं म्हणणं खरं. मत्तयाच्या पंधराव्या अध्यायात एक कनानी बाई येशूच्या मागे लागते. मुलांची भाकर कुत्र्यांना घालणं बरं नाही, असं येशू तिला म्हणतो. ती मागे हटत नाही. कुत्रीही धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा खातात, असं ती उत्तर देते, आणि तिच्यापुढे येशू आपला शब्द फिरवतो. साऱ्या शुभवर्तमानांत येशूला वादात जिंकणारी ही बाई कनानी आहे, याकडे आपण पुरेसं पाहिलेलं नाही.

आपल्या देशात हे वाचन कुठे अडलं हे बाबासाहेब आंबेडकरांच्या लिखाणात सापडतं. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी एक निबंध लिहिला होता, तो त्यांच्या पश्चात छापला गेला. त्यात ते म्हणतात की, माणसाची अवनती त्याच्या पापामुळे होते ही शिकवण समाजशास्त्राच्या मुळावर येते, कारण माणसाची अवनती होते ती वाईट परिस्थितीमुळे. दोष आपल्यातच आहे असं ज्याला शिकवलं, तो परिस्थिती बदलायला उठणार नाही. भारतीय ख्रिस्ती समाज एक समाज म्हणून सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढला नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. पाप व्यवस्थेतही वसतं, कायद्यात, जमिनीच्या उताऱ्यात, गावाच्या रचनेत वसतं, हे मुक्तीच्या ईश्वरविज्ञानाने मांडलं. ते मांडण्याच्या कितीतरी आधी आंबेडकरांनी आमच्या उपदेशातली हीच उणीव दाखवली होती. आम्ही ते ऐकलं नाही. १९५६ साली ते बुद्धाकडे गेले, आणि आमच्या मंडळ्यांनी त्यातून स्वतःला एकही प्रश्न विचारला नाही.

मराठी ख्रिस्ती परंपरा म्हटलं की ना. वा. टिळक आणि पंडिता रमाबाई यांची नावं निघतात, आणि ती निघायलाच हवीत. पण नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या महार-मांग वस्त्यांतून जे हजारो लोक ख्रिस्ती झाले, त्यांनी बायबलमध्ये काय वाचलं हे आपण लिहून ठेवलेलं नाही. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक अरविंद निर्मल यांनी नेमका हाच मुद्दा काढला. भारतीय ख्रिस्ती विचार वेदान्ताशी संवाद करण्यात गुंतला आणि ज्यांच्या जिवावर मंडळी उभी आहे त्या दलितांचा इतिहास त्याने पाहिलाच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे दलित ईश्वरविज्ञान मांडताना त्यांनी आधार घेतला तो अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायाचा. शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन याजकापुढे उभा राहतो आणि म्हणतो: भटका अरामी माझा पूर्वज होता, तो मिसरात गेला, तिथे आम्हाला छळलं, आमच्यावर कष्ट लादले, आम्ही हाक मारली. दलित ख्रिस्ती माणसानेही आपला कबुलीजबाब इथूनच सुरू करावा, ख्रिस्ती होण्याआधीच्या आपल्या माणसांचं दुःख लाजेपोटी पुसू नये, असं निर्मल सांगत होते.

ही लाज आजही सुटलेली नाही आणि तिची किंमत मोठी आहे. अनुसूचित जातींविषयीचा १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश आधी, काही शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदूंसाठी होता. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम बाहेरच राहिले. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढायची शिफारस केली, ती पडून आहे. ख्रिस्ती धर्मात जात नाही, हा या वगळण्यामागचा युक्तिवाद. चर्चने त्याविरुद्ध मोर्चे काढले, याचिका केल्या, ते योग्यच झालं. पण तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या कबरींमध्ये भिंत उभी होती. चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो हे भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने अधिकृत धोरणात लिहायला २०१६ साल लागलं, आणि भारताला पहिला दलित कार्डिनल मिळायला २०२२. दिल्लीत जात आहे म्हणायचं आणि वेदीवरून ती नाही म्हणायची, हे दोन्ही एका तोंडाने जमत नाही.

आपल्या मंडळ्यांकडे माझं मागणं मोठं नाही. पिकाच्या उपासनेला आपण अजूनही टोपल्या घेऊन वेदीपाशी जातो. त्या दिवशी अनुवादाचा सव्विसावा अध्याय पुरता वाचा, आणि वाचून झाल्यावर मंडळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला बोलू द्या: तिचे आईवडील कोणत्या गावाच्या कोणत्या कडेला राहत होते, पाणी कुठून आणत होते, ख्रिस्ती का झाले आणि झाल्यावर गावाने काय केलं. तिला मधेच थांबवून आभाराचं गीत सुरू करू नका. अध्यायात पुढे तिसऱ्या वर्षीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा लेव्याला, परक्याला, पोरक्याला आणि विधवेला द्यायची आज्ञा आहे. आपली टोपली त्या वर्षी कोणाच्या दारी जाणार, हे पंचमंडळाने त्या बाईचं ऐकून झाल्यावर ठरवावं.